काऊंट नॉर्मल, तरी बाळ आजारी: फ्रायबुर्गचे दोन भाऊ आणि टी सेलचं न उघडणारं दार

टी सेल्स, म्हणजे इन्फेक्शनशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींचा एक प्रकार, मोजल्या तर आहेत, पुरेशा आहेत, मायक्रोस्कोपखाली दिसायलाही ठीक आहेत, आणि तरी बाळाला एकामागून एक इन्फेक्शन होतंय, वजन वाढत नाहीये, अँटिबायोटिक बंद केलं की दोन दिवसांत पुन्हा ताप. ज्यांनी असं बाळ जवळून बघितलंय त्यांना कळेल की रिपोर्ट हातात घेऊन बसलेल्या आईबापांना "काऊंट तर बरोबर आहे" हे वाक्य किती जड जातं. आज ज्या प्रकरणाबद्दल लिहितोय ते अगदी याच जागी सुरू होतं. जर्मनीतल्या फ्रायबुर्गमध्ये तपासलेले दोन सख्खे भाऊ, दोघांनाही तान्हेपणीच गंभीर इम्युनोडेफिशियन्सी, म्हणजे रोगप्रतिकारशक्तीच कमी, आईवडील एकमेकांच्या नात्यातले. एक भाऊ वाचला नाही. दुसऱ्याचं बोनमॅरो ट्रान्सप्लांट झालं आणि तो जगला. १९९६ मध्ये या दोघांच्या टी सेल्सवरचा पहिला पेपर आला आणि नेमकी चूक कुठे आहे हे कळायला २००६ उजाडलं. मधली दहा वर्षं म्हणजे रोगप्रतिकारक पेशी कॅल्शियम कसं वापरतात हे शिकण्याचा सगळ्यात चांगला रस्ता आहे असं मला मनापासून वाटतं, पुस्तकातल्या बाणांच्या आकृतीपेक्षा कितीतरी चांगला.

आधी थोडं बॅकग्राऊंड. पेशीच्या बाहेर, म्हणजे रक्तात आणि पेशींच्या आजूबाजूच्या पाण्यात, मोकळं कॅल्शियम असतं साधारण १ ते २ मिलिमोलर. शांत बसलेल्या टी सेलच्या आत ते असतं १०० नॅनोमोलरच्या आसपास किंवा त्याहून कमी. म्हणजे दहा हजार पटींहून जास्त फरक, आणि हा फरक टिकवायला पेशी दिवसरात्र पंप चालवून कॅल्शियम बाहेर फेकत असते, एनर्जी खर्च करून. धरणाच्या भिंतीमागे पाणी अडवून ठेवावं तसं. का, तर दार जरा उघडलं की क्षणात आतली पातळी १ मायक्रोमोलरपर्यंत चढते आणि पेशीतल्या प्रत्येक कोपऱ्याला कळतं की काहीतरी घडलंय.

टी सेलच्या रिसेप्टरला ओळखीचा अँटिजेन, म्हणजे जंतूचा तुकडा, लागला की आत प्रोटीनची एक साखळी सुरू होते, एलसीके, झॅप-७०, मग पीएलसी-गॅमा, आणि तिच्यातून आयपी३ नावाचा छोटा रेणू सुटतो. तो जाऊन पेशीच्या आतल्या कॅल्शियमच्या कोठाराला, म्हणजे ईआरला, सांगतो की सोड. ईआर कॅल्शियम सोडतं. आता इथे बरेच विद्यार्थी थांबतात, कॅल्शियम वाढलं, झालं. पण ईआरमधला साठा छोटा असतो, एक-दोन मिनिटांची उसळी येते आणि संपते. टी सेलला जागं व्हायला तेवढं पुरत नाही. तिला कॅल्शियम तासन्‌तास चढं लागतं आणि ते फक्त बाहेरून येऊ शकतं, पेशीच्या मेम्ब्रेनमधल्या, म्हणजे बाहेरच्या आवरणातल्या, दारातून.

का लागतं तासन्‌तास, तर एनफॅटमुळे. एनफॅट हा प्रोटीन एरवी सायटोप्लाझममध्ये अंगावर फॉस्फेट लादून पडलेला असतो. कॅल्शियम वाढलं की कॅल्मोड्युलिन या प्रोटीनमार्फत कॅल्सिन्यूरिन नावाचं एन्झाइम जागं होतं, ते एनफॅटवरचे फॉस्फेट काढतं, एनफॅट न्यूक्लियसमध्ये जातो आणि आयएल-२ सारखे जीन सुरू करतो. पण न्यूक्लियसमध्ये असे कायनेज, म्हणजे फॉस्फेट चढवणारे एन्झाइम, बसलेले असतात जे सतत त्याच्यावर पुन्हा फॉस्फेट चढवून त्याला बाहेर काढत असतात, त्यामुळे कॅल्शियम खाली आलं की काही मिनिटांत एनफॅट परत बाहेर. दाराची बेल एकदा वाजवली आणि निघून गेलात तर उपयोग नाही, बटन दाबूनच धरायला लागतं. ज्यांच्या घरात किडनी ट्रान्सप्लांट झालेलं कोणी आहे त्यांना सायक्लोस्पोरिन किंवा टॅक्रोलिमस ही नावं पाठ असतील. ही औषधं नेमकं कॅल्सिन्यूरिनच बंद करतात (हे १९९१ मध्ये कळलं), म्हणजे कॅल्शियम आलं तरी एनफॅट जागचा हलत नाही आणि टी सेल नव्या किडनीवर तुटून पडत नाही. औषधाने आपण जे मोजूनमापून, रक्तातली लेव्हल बघत करतो, तसंच काहीसं या दोन भावांमध्ये जन्मापासून होतं, फक्त साखळीतल्या अजून आधीच्या कडीवर.

आता फ्रायबुर्गच्या लॅबमध्ये जाऊ. स्टेफान फेस्के आणि त्यांच्या सहकाऱ्यांना दिसलं ते असं. मुलांच्या टी सेल्स संख्येने आहेत, पण डिवचलं तरी वाढत नाहीत आणि आयएल-२, इंटरफेरॉन-गॅमा असे सायटोकाइन, म्हणजे पेशींनी एकमेकींना पाठवायचे निरोप, जवळजवळ बनतच नाहीत. मग त्यांनी रिसेप्टरला वळसा घातला. पीएमए आणि आयोनोमायसिन या रसायनांची जोडी दिली की रिसेप्टर आणि त्याच्या लगेच खालच्या कड्या टाळून थेट आतली यंत्रणा हलवता येते, त्यामुळे खोट रिसेप्टरमध्ये असती तर इथे पेशी उठायला पाहिजे होत्या. नाही उठल्या. म्हणजे चूक खाली आहे. डीएनएला चिकटणारे प्रोटीन तपासले तर एपी-१ ठीक, एनएफ-कप्पा-बी ठीक, एनफॅट मात्र चिकटत नाही. १९९६ च्या पेपरचं शीर्षकच त्यावर होतं, एनफॅट नीट बांधला जात नसल्यामुळे झालेली इम्युनोडेफिशियन्सी. त्या वेळी हातात जे होतं त्यावरून हा निष्कर्ष प्रामाणिक होता, पण एनफॅट गुन्हेगार नव्हता, तो फक्त हुकूम न मिळालेला नोकर होता.

हे कसं कळलं तर एनफॅटकडे वेळ लावून बघितल्यावर. मुलांच्या पेशींमध्ये एनफॅटवरचे फॉस्फेट निघत होते, म्हणजे कॅल्सिन्यूरिन जिवंत होतं, पण क्षणभरच, लगेच सगळं जैसे थे. एनफॅट आत टिकतच नव्हता. म्हणजे बेल वाजत होती पण बटनावरचं बोट लगेच निघत होतं. मग कॅल्शियम मोजलं.

हा प्रयोग जरा जवळून दाखवतो कारण सगळं प्रकरण या एका ग्राफवर उभं आहे आणि आजही निदानात याचा मोठा आधार असतो. टी सेल्समध्ये फ्युरा-२ नावाचा चमकणारा डाय (रंग) भरतात. हा डाय कॅल्शियमला धरला की ३४० नॅनोमीटरच्या प्रकाशात जास्त चमकतो आणि ३८० मध्ये कमी, दोन्हींचा भागाकार घेतला की पेशीत डाय कमी गेला की जास्त याची काळजी राहत नाही. खोली अंधारी ठेवायची, पेशी काचेवर चिकटवायच्या, वरून कॅल्शियम अजिबात नसलेलं द्रावण सोडायचं. स्क्रीनवर पेशीतल्या कॅल्शियमची रेघ सपाट चाललेली असते. मग थॅप्सिगार्जिन घालायचं, हे ईआरचा पंप बंद करतं, त्यामुळे कोठारातून सतत झिरपणारं कॅल्शियम परत भरलं जात नाही आणि कोठार रिकामं होत जातं. रेघ हळूच वर चढते, एक बुटका उंचवटा करते आणि काही मिनिटांत खाली येते. हे झालं आतलं कॅल्शियम. आता खरी परीक्षा, बाहेरून २ मिलिमोलर कॅल्शियमचं द्रावण सोडायचं. निरोगी माणसाच्या पेशी असतील तर रेघ अक्षरशः उभी उठते, पहिल्या उंचवट्याच्या कितीतरी वर, आणि वरच राहते. मी पहिल्यांदा हे स्क्रीनवर घडताना बघितलं तेव्हा खुर्चीतून पुढे सरकलो होतो, शेकडो पेशी एकदम निळ्यापासून लालपर्यंत रंग बदलतात, कुठल्या जास्त कुठल्या कमी.

या मुलांच्या पेशींमध्ये पहिला उंचवटा बरोबर येत होता. म्हणजे कोठार आहे, भरलेलं आहे, रिकामंही होतंय. नंतर बाहेरून कॅल्शियम सोडल्यावर रेघ सपाटच.

इथे दाराचा शोध सुरू होतो, आणि मजा म्हणजे दार आहे हे तोवर सगळ्यांना माहीत होतं, फक्त ते कशाचं बनलंय हे कोणालाच माहीत नव्हतं. कोठार रिकामं झालं की बाहेरून कॅल्शियम येतं ही कल्पना जेम्स पुटनी यांनी १९८६ मध्ये मांडली होती. होथ आणि पेनर यांनी १९९२ मध्ये मास्ट सेल्समध्ये (या आणखी एका प्रकारच्या रोगप्रतिकारक पेशी) असं आत येणाऱ्या कॅल्शियमचा विजेचा करंट मोजला आणि त्याला क्रॅक करंट म्हणायला लागले. इतका बारीक करंट की एकेका चॅनेलचा वेगळा मोजताच येत नाही, अख्ख्या पेशीचा मिळून जेमतेम काही पिकोअँपिअर. पॅरिसच्या संशोधकांनीही १९९४ मध्ये अशाच एका इम्युनोडेफिशियन्सीमध्ये टी सेल्सचा हा करंट गायब असल्याचं लिहिलं होतं. फेस्के पुढे बोस्टनला अंजना राव यांच्या लॅबमध्ये गेले, एनफॅटवर ज्यांनी सुरुवातीपासून काम केलं त्या राव, आणि या भावांच्या पेशी त्यांच्याबरोबर गेल्या. स्टॅनफर्डच्या रिचर्ड लुईस यांच्या टीमबरोबर पॅच क्लॅम्प केलं, म्हणजे बारीक काचेच्या नळीने पेशीचा करंट मोजला, २००५ मध्ये स्पष्ट झालं की मुलांच्या टी सेल्समध्ये क्रॅक करंट जवळजवळ नाहीच.

त्याच वर्षी दुसऱ्या दोन टीम्सना स्टिम१ हा प्रोटीन सापडला. हा ईआरच्या भिंतीत बसतो, त्याचा एक हात कोठाराच्या आत कॅल्शियम धरून असतो, कोठार रिकामं झालं की तो हात सुटतो, स्टिम१ चे रेणू एकत्र जमतात आणि ईआरचा जो भाग बाहेरच्या मेम्ब्रेनला अगदी खेटून असतो तिथे जाऊन उभे राहतात. टाकीतला फ्लोट बघितलाय ना, पाणी खाली गेलं की दांडी खाली येऊन नळ सुरू होतो, तसाच. पण फ्लोट म्हणजे नळ नव्हे. या मुलांचा स्टिम१ तपासला तर त्यात काही खोट मिळाली नाही. नळ अजून बेपत्ताच.

मग त्यांनी जे केलं ते मला या सगळ्यात सगळ्यात जास्त आवडतं. आजारी मुलं फक्त दोन, त्यावरून जीन शोधायचा म्हणजे गंजीत सुई. पण आईवडील? ते तर ठणठणीत होते, नेहमीच्या पद्धतीने त्यांच्या पेशींमध्ये कॅल्शियम मोजलं तर फारसा फरक कळत नव्हता. या लोकांनी बाहेरचं कॅल्शियम मुद्दाम कमी ठेवलं, २ ऐवजी ०.५ मिलिमोलर किंवा त्याहून कमी, आणि रेघ किती वर जाते ते न बघता सुरुवातीला किती वेगाने चढते ते बघितलं. कमी दाबात नळाची धार किती बारीक आहे हे लगेच कळतं, तसं झालं. आईवडिलांचा वेग साधारण निम्मा भरला. म्हणजे जीनच्या दोन प्रतींपैकी एक चांगली, एक बिघडलेली. मग आजोबा-आजी, काका, आत्या, चुलत भावंडं अशा वीसेक नातेवाईकांचं रक्त घेतलं आणि तेरा जणांमध्ये हाच निम्मा वेग मिळाला. कोणालाच काही आजार नाही, त्यांना कधी कळलंही नसतं. पण आता दोन आजारी मुलांऐवजी अख्खं कुटुंब माहिती देत होतं, कोणाकडे बिघडलेली प्रत आहे आणि कोणाकडे नाही, आणि त्यावरून क्रोमोसोम १२ च्या लांब बाहूच्या टोकाकडचा एक पट्टा हाती लागला. आपल्याकडेही बऱ्याच घरांत मामेबहिणीशी किंवा आतेभावाशी लग्न होतं, त्यामुळे हे गणित समजायला सोपं जाईल: एकाच पणजोबांकडून आलेली एकच बिघडलेली प्रत दोन्ही बाजूंनी फिरून बाळात येऊन भेटते. यात कोणाचा दोष काढायचा नाहीये, बहुतेक लग्नांत काही होत नाही, पण बाळ असं आजारी असेल तर डॉक्टर नात्याबद्दल का विचारतात ते यासाठी.

पट्ट्यात अजून डझनांनी जीन होते. आता दुसऱ्या टोकाकडून काम. फळमाशीच्या पेशींमध्ये एनफॅट घालून, त्याला हिरवा चमकणारा टॅग लावून, त्यांनी माशीचे सगळे जीन एकेक करून दाबले आणि बघितलं की कुठला दाबल्यावर थॅप्सिगार्जिन देऊनही एनफॅट न्यूक्लियसमध्ये जात नाही. हिट मिळालेल्यांत एक होता ओल्फ१८६-एफ, काम काय ते माहीत नसलेला. माणसात त्याच्यासारखे तीन जीन निघाले, वेगवेगळ्या क्रोमोसोमवर, आणि त्यातला एक बसलेला होता बरोब्बर क्रोमोसोम १२ च्या त्या पट्ट्यात. माशीकडून आलेली वाट आणि कुटुंबाकडून आलेली वाट एकाच जागी मिळाली. मे २००६ मध्ये नेचरमध्ये छापून आलं आणि त्याला नाव दिलं ओराय१, ग्रीक पुराणात स्वर्गाच्या दाराशी उभ्या असणाऱ्या देवतांवरून. त्याच सुमाराला दुसऱ्या टीम्सनीही माशीच्या स्क्रीनमधून हाच जीन गाठला होता, पण आजारी मुलांमधला पुरावा इथे होता.

बदल किती छोटा, तर जीनमधलं एक अक्षर, सी च्या जागी टी. त्यामुळे ३०१ अमिनो आम्लांच्या प्रोटीनमध्ये ९१ व्या जागी आर्जिनिनऐवजी ट्रिप्टोफॅन. बस एवढंच. ही जागा चॅनेलच्या बोळाच्या आतल्या तोंडाशी आहे. २०१२ मध्ये फळमाशीच्या ओरायची क्रिस्टल रचना आली तेव्हा दिसलं की सहा तुकडे गोलात उभे राहून मधे बोळ तयार करतात, आणि या जागी ट्रिप्टोफॅन असेल तर सहाही बाजूंनी जाडजूड, पाण्याला न जुमानणारे रेणू बोळात येऊन बुच बसतं. प्रोटीन तयार होतं, मेम्ब्रेनपर्यंत पोचतंही, स्टिम१ येऊन उभा राहतो, पण दार उघडत नाही. खात्री करायला मुलांच्या टी सेल्समध्ये चांगला ओराय१ घातला आणि रेघ परत उभी उठली, करंटही परत आला.

२००९ मध्ये आणखी दोन कुटुंबांत ओराय१ चे वेगळे बदल सापडले आणि त्याच वर्षी स्टिम१ बिघडलेली मुलंही वर्णन झाली. तेव्हा एक गोष्ट नीट पुढे आली जी आधी इन्फेक्शनच्या गडबडीत मागे पडली होती. ही मुलं फक्त इम्युनिटीची पेशंट नसतात. स्नायू ढिले असतात, मान धरायला, बसायला उशीर. घाम येत नाही. दातांवरचं एनॅमल कच्चं, कॅल्शियम नीट न बसलेलं, दात पिवळसर आणि झिजणारे. कारण हेच दार स्नायूंत आहे, घामाच्या ग्रंथींत आहे, एनॅमल बनवणाऱ्या पेशींतही आहे. फ्रायबुर्गच्या ज्या मुलाचं ट्रान्सप्लांट झालं त्याच्या रक्तातल्या टी सेल्स आता दात्याच्या आहेत, त्यांना दार आहे, इम्युनिटी आली. स्नायू आणि घामाच्या ग्रंथी मात्र त्याच्या स्वतःच्याच राहिल्या, त्या बोनमॅरोने बदलत नाहीत. ट्रान्सप्लांटच्या आधी घरच्यांशी बोलताना हे सांगितलंच पाहिजे असं माझं ठाम मत आहे, नाहीतर नंतर मूल चालायला अडखळलं की त्यांना वाटतं ट्रान्सप्लांटमध्येच काहीतरी चुकलं.

आपल्याकडे या प्रकरणाचा उपयोग कुठे, तर दोन ठिकाणी. एक म्हणजे बीसीजी. आपण जन्मल्या जन्मल्या प्रत्येक बाळाला बीसीजी देतो आणि ते बरोबरच आहे, टीबी बघता द्यायलाच हवी. पण ती लस जिवंत जंतूंची आहे, आणि टी सेल्स काम करत नसलेल्या बाळात ते कमजोर जंतूही पसरतात, ओराय१ च्या मुलांतही हे झालेलं आहे. काखेत गाठ येऊन वाहत राहिली, वजन खुंटलं, तोंडात पांढरा थर जातच नाही, आधीचं एखादं भावंड असंच लहानपणी गेलं, यातलं काही एकत्र दिसलं तर थांबू नका. दुसरं म्हणजे स्क्रीनिंग. परदेशात नवजात बाळांच्या टाचेच्या रक्ताच्या थेंबातून ट्रेक मोजतात, नव्या टी सेल्स थायमसमधून बाहेर पडताना डीएनएचा जो छोटा गोल तुकडा घेऊन येतात तो. नेहमीच्या एससीआयडीमध्ये (जन्मजात गंभीर इम्युनोडेफिशियन्सी) टी सेल्सच नसतात म्हणून ट्रेक शून्याजवळ येतो आणि बाळ पकडलं जातं. ओराय१ मध्ये थायमस टी सेल्स बनवतोय, ट्रेक ठीक येऊ शकतो, आणि टेस्ट म्हणते सगळं बरं आहे. इथे काऊंट नाही, काम तपासायला लागतं: टी सेल्स डिवचल्यावर वाढतात का, आणि नसतील वाढत तर कॅल्शियमची ती रेघ.

मुंबईत परळला केईएमच्या आवारात आयसीएमआरची इम्युनोहिमॅटोलॉजीची राष्ट्रीय संस्था आहे, प्रायमरी इम्युनोडेफिशियन्सीच्या तपासण्यांचं त्यांचं काम मोठं आहे, त्यामुळे राज्यातल्या डॉक्टरांना विचारायला जागा आहे. सॅम्पल पाठवायचं असेल तर एक गोष्ट आधी फोन करून ठरवा. कॅल्शियमची टेस्ट जिवंत पेशींवर होते, त्यामुळे हेपरिनच्या ट्यूबमध्ये ताजं रक्त लागतं, ईडीटीएची जांभळ्या टोपीची ट्यूब चालत नाही कारण ईडीटीए कॅल्शियमच धरून ठेवतं, आणि रक्त फ्रीजमध्येही ठेवायचं नाही, रूम टेंपरेचरला, शक्यतो त्याच दिवशी पोचेल असं. आणि बाळाच्या ट्यूबसोबत घराबाहेरच्या एखाद्या निरोगी माणसाची ट्यूबही द्या, त्याच वेळी काढलेली, त्याच डब्यातून, त्याच गाडीने आलेली. आईबापांची नको, त्यांचा वेग निम्मा असू शकतो. बाळाची रेघ सपाट आली आणि शेजारच्या ट्यूबची उभी उठली तरच म्हणता येतं की पेशी वाटेत उन्हाने मेल्या नव्हत्या.